कावळा, फांदी आणि कावीळ

शेजारच्या काकूंना टीबीची औषधं सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा धापा टाकत आमच्या दारात. "आईला कावीळ झालीय. लघवी लाल होतेय. गोळ्या बंदच करतो." काकूंचे डोळे मात्र पांढरे स्वच्छ होते. लघवीला आलेला रंग रिफाम्पिसिनचा. हे औषध घाम आणि अश्रूसुद्धा केशरी करतं. गोळ्या चालू राहिल्या.

पाचव्या आठवड्यात मात्र काकूंचं जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली. यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट आला: एसजीपीटी ४१०, अल्कलाइन फॉस्फेटेज १५०, आणि काविळीत अंग पिवळं करणारं बिलिरुबिन १.६. "बघा, मी म्हणत होतो ना!" मुलगा म्हणाला.

त्याचं म्हणणं खरंही असू शकत होतं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला इजा करू शकतात, आणि आपल्या देशात औषधांमुळे यकृत बिघडण्याच्या कारणांत टीबीची औषधं फार वरच्या क्रमांकावर आहेत. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की फांदी कावळ्यानेच मोडली, हे कसं ठरवायचं? 'इजा अमुक गोळीनेच केली' असं छापून देणारी तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये मिळत नाही. सुई घालून यकृताचा तुकडा काढला तरी तो बहुतेक वेळा गोळीचं नाव सांगत नाही. उरतात त्या तारखा, आकडे आणि इतर संशयितांची झडती.

आकड्यांतला एक छोटासा गुणोत्तराचा खेळ मला फार आवडतो. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एसजीपीटी रक्तात सांडतं. पित्ताची वाट तुंबली की अल्कलाइन फॉस्फेटेज चढतं. दोन्ही थोडंथोडं वाढलेलं असेल तर मूळ दुखणं कुठलं? दोघांची सरळ तुलना करता येत नाही, कारण दोघांच्या 'नॉर्मल'च्या वरच्या मर्यादा वेगळ्या, आणि त्या लॅबगणिकही बदलतात. म्हणून आधी प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मर्यादेने भागायचं. काकूंच्या लॅबमध्ये एसजीपीटीची मर्यादा ४०, म्हणजे ४१० हे सव्वादहा पट. फॉस्फेटेजची मर्यादा १२०, म्हणजे १५० हे सव्वापट. आता पहिल्या पटीला दुसरीने भागा: ८.२. या आकड्याला 'आर' म्हणतात. तो ५ किंवा जास्त असेल तर मार पेशींवर, २ किंवा कमी असेल तर पित्ताच्या वाटेवर, मधला असेल तर मिश्र. आयसोनियाझिड सहसा पेशींवर घाव घालतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे रोजचं अँटिबायोटिक बऱ्याचदा पित्त अडवतं, आणि तेही कोर्स संपून काही आठवडे झाल्यावर. म्हणजे रुग्ण ज्या गोळीचं नाव विसरून गेलाय तीच आरोपी असू शकते.

बिलिरुबिनकडेही डोळा ठेवावा लागतो. पेशींवर मार असताना एसजीपीटी तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं, तर दहातला सुमारे एक रुग्ण दगावू शकतो, हे हायमन झिमरमन या अमेरिकी डॉक्टरांचं निरीक्षण. औषध कंपन्या नव्या औषधाच्या चाचण्यांत आजही त्याची धास्ती घेतात. काकूंचं बिलिरुबिन तिथवर गेलं नव्हतं.

मग झडती. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई. ई तर हमखास बघायचा. १९५५-५६ मध्ये दिल्लीत दूषित पाण्यातून काविळीची जी मोठी साथ आली ती याच विषाणूची होती, हे कित्येक वर्षांनी कळलं. अमेरिकेत औषधबाधेचे म्हणून नोंदलेल्या ३१८ रुग्णांचं साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा ९ जणांमध्ये ताज्या हिपॅटायटिस ईच्या खुणा सापडल्या. तिथे ही गत, तर आपल्याकडे काय!

या विषाणूची कावीळ बहुतेकांमध्ये आपोआप बरी होते, आणि त्यावरच कावीळ उतरवणाऱ्यांचं दुकान चालतं. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळं होतं. कावीळ नसलेल्याचे हात धुवून बघा, तरीही होतं. काविळीसाठी गळ्यात घालतात ती काडीची माळ सुकते, गाठी सैल होतात, माळ लांबते. तिथेही कावळा आणि फांदीच.

काकूंच्या सगळ्या विषाणू तपासण्या निगेटिव्ह आल्या. टीबीचं चौथं औषध इथॅम्ब्युटॉल यकृताला सहसा त्रास देत नाही. बाकीची तिन्ही औषधं थांबवली. आठ दिवसांत एसजीपीटी १९०. गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात वाढ निम्म्याहून खाली येणं हा तिच्याविरुद्धचा भक्कम पुरावा. औषधावरचा संशय किती पक्का हे गुणांत मोजणाऱ्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रूकॅम' या गुणपत्रिकेत त्याला तीन गुण आहेत. मुलगा खूश.

पण गोळ्या थांबवल्या त्याच दिवशी डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगितली होती. पिशवीतून गुडघेदुखीवरच्या चूर्णाची एक पुडी निघाली. आठवडी बाजारातली, नाव नाही, काही नाही. "ते काय औषध आहे होय? झाडपाल्याचं आहे," काकू म्हणाल्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता. कार्यकारणाचा पुरावा मागणं योग्यच, फक्त तो ॲलोपथीच्या गोळीकडे मागतो तितक्याच कडकपणे काढ्याकडेही मागावा.

चूर्ण त्याच दिवशी बंद झालं होतं. म्हणजे दोन कावळे एकदमच उडाले.

एसजीपीटी ८०च्या खाली आल्यावर आधी रिफाम्पिसिन दिलं, काही दिवसांनी आयसोनियाझिड; दर वेळी रक्त तपासून. आकडे हलले नाहीत. पायराझिनामाइड पुन्हा दिलंच नाही, त्याऐवजी उपचार नऊ महिन्यांपर्यंत लांबवले. चूर्ण तर कोण पुन्हा देणार? काकू आता ठणठणीत आहेत. फाइलमध्ये निदानापुढे डॉक्टरांनी लिहिलंय: 'पायराझिनामाइड किंवा चूर्ण', आणि पुढे प्रश्नचिन्ह.