गाणं येतंय कुठून?

काचेच्या फिरत्या वाट्यांवर ओली बोटं टेकवून वाजवायच्या एका वाद्याचे व्हिडिओ अधूनमधून सगळीकडे फिरतात. वाद्याचं नाव ग्लास आर्मोनिका. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: वाजवणारे वेडे झाले, ऐकणारे आजारी पडले, काचेतलं शिसं बोटांतून अंगात भिनलं, म्हणून हे 'शापित' वाद्य लोकांनी टाकून दिलं. शिशाच्या गोष्टीला आधार नाही. १७६१ साली हे वाद्य बनवणारा बेंजामिन फ्रँकलिन ते स्वतः हौसेने वाजवत असे आणि चौऱ्याऐंशी वर्षं जगला, तेही डोकं शाबूत ठेवून. मोझार्टनेही १७९१ मध्ये या वाद्यासाठी रचना केली.

तरीही या वाद्याभोवती इतक्या दंतकथा जमल्या, यात लोकांची निव्वळ चूक नाही. तो आवाज खरोखरच विचित्र आहे. तो कुठून येतोय ते कळत नाही. मला वाटतं, भयकथांतल्या गाण्याची अर्धी ताकद या एका गोष्टीत आहे.

अद्भुतकथांमध्ये गाणं दोन तऱ्हांनी येतं. पहिल्या तऱ्हेत ते काम करतं: दिवे पेटवतं, पाऊस पाडतं, तटबंदी कोसळवतं. भौतिकशास्त्राने हिशेब मांडला तर यात फार काही उरत नाही. साध्या बोलण्यातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती वॅटच्या साधारण एक लक्षांश एवढी असते. गवयाने जीव तोडून तान घेतली आणि ती शक्ती हजारपटींनी वाढली, तरी तेवढ्यावर वात पेटत नाही. दीपक रागाने दिवे लागल्याची गोष्ट सुंदर आहे, ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

दुसऱ्या तऱ्हेत गाणं काहीच करत नाही, नुसतं ऐकू येतं. ओसाड बुरुजातून, कुलूप घातलेल्या दालनातून, धुक्यातून. ऐकणारा उठतो आणि शोधत निघतो, आणि तिथेच घात होतो. ग्रीक कथेतल्या ओडिसियसने खलाशांच्या कानांत मेण भरलं आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, ते याच ओढीच्या भीतीने. इथे मात्र विज्ञानाकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

डोळ्यांच्या बाबतीत दिशा फुकट मिळते. वस्तू डावीकडे असेल तर तिची प्रतिमा पडद्यावर ठरावीक जागी पडते. कानात असा पडदा नाही. कानाचा पडदा फक्त पुढे-मागे थरथरतो, आणि त्या थरथरीत 'डावीकडून' असं कुठेही लिहिलेलं नसतं. दिशा मेंदूला दोन कानांची तुलना करून काढावी लागते. ही तुलना दोन प्रकारे होते, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं.

पहिला प्रकार वेळेचा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज डोक्याला वळसा घालून डाव्या कानात पोचेपर्यंत जास्तीत जास्त ६५० मायक्रोसेकंद जातात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. आपल्या मेंदूला यातला १० मायक्रोसेकंदांचा फरकही जाणवू शकतो. मेंदूच्या बुंध्यात ऑलिव्ह नावाचा पेशींचा पुंजका आहे. दोन्ही कानांकडून येणारे संदेश तिथे एकत्र येतात आणि ते किती मागेपुढे आहेत, हे तिथल्या पेशी तपासतात. एकेका चेतापेशीचा संदेश या १० मायक्रोसेकंदांपेक्षा शंभरपट लांब असतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, तरीही हे मोजमाप जमतं, हे मला अजूनही थक्क करतं.

पण याला मर्यादा आहे. सलग, एकसुरी आवाजात मेंदू लाटेचा एक चढाव उजव्या कानात आणि तोच चढाव डाव्या कानात शोधतो. 'तोच' हा शब्द महत्त्वाचा. ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० चढाव असलेल्या, स्वरात दोन चढावांमध्ये २००० मायक्रोसेकंद असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. २००० हर्ट्झला हे अंतर ५०० मायक्रोसेकंदांवर येतं. मग डाव्या कानात आलेला चढाव उजव्या कानातल्या चढावाचा जोडीदार, की त्याच्या आधीच्या चढावाचा? सगळे चढाव सारखेच, ओळख पटवायची कशी? शिवाय साधारण १५०० हर्ट्झच्या पुढे या पेशींना लाटेच्या चढ-उताराशी ताल धरणंच जमत नाही. एकसुरी स्वरांपुरती वेळेची पद्धत इथे बंद पडते.

दुसरा प्रकार तीव्रतेचा. डोकं आवाजाला आडवं येतं आणि पलीकडच्या कानावर ध्वनीची सावली पडते. ६००० हर्ट्झला ही सावली २० डेसिबलपर्यंत गडद असू शकते. मात्र लाट डोक्यापेक्षा लांब असली की ती सहज वळसा घालते आणि सावली जवळजवळ पडतच नाही. १००० हर्ट्झला तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, २००० हर्ट्झला १७, म्हणजे जवळपास डोक्याएवढी. सावली नुकती कुठे धरू लागलेली असते.

म्हणजे मध्ये एक पट्टा असा राहतो, की वेळेची पद्धत संपलेली आहे आणि तीव्रतेची अजून नीट सुरू झालेली नाही. हार्वर्डमधल्या स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी तो मोजला. प्रतिध्वनी नकोत म्हणून त्यांनी ऐकणाऱ्याला इमारतीच्या गच्चीवर उंच खुर्चीत बसवलं आणि ध्वनिवर्धक त्याच्याभोवती फिरवला. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वाधिक चुका ३००० हर्ट्झच्या आसपास झाल्या. टिचकीसारखा किंवा फुस्स असा आवाज मात्र लोकांना चांगला ओळखता आला, कारण त्यात सगळ्या वारंवारता एकदम असतात.

आता काचेच्या वाद्याकडे येऊ. इंटरनेटवर असं सांगतात, की आर्मोनिकाचे स्वर नेमके या आंधळ्या पट्ट्यात पडतात. हे अर्धंच खरं आहे. फ्रँकलिनच्या वाद्यात ३७ वाट्या होत्या, म्हणजे कोमल-तीव्र धरून तीन सप्तकं. वरचे काही स्वर त्या पट्ट्यात जातात, खालचे बऱ्यापैकी बाहेर राहतात. खरी गोम स्वराच्या सुरुवातीत आहे. ओलं बोट काचेवर क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि वाटीची कड हळूहळू थरथरू लागते. तबल्यावर पडलेल्या थापेसारखा आरंभ या आवाजाला नाहीच. तो आहे हे लक्षात येईपर्यंत बराच वेळ सुरू झालेला असतो.

आणि बंद जागेत आपण दिशा ओळखतो ती मुख्यतः आरंभावरून. पहिली लाट थेट स्रोताकडून येते, भिंतींवरून परतलेल्या लाटा नंतर. मेंदू पहिलीवर विश्वास ठेवतो आणि पुढच्या काही मिलिसेकंदांत आलेल्यांची दिशा बाजूला सारतो. आरंभच नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा? मोठ्या दगडी चर्चमध्ये निनाद पाच-आठ सेकंद टिकतो. तिथे संथ उगवलेला स्वर सगळ्या भिंतींकडून एकमेकांत मिसळून येतो, आणि दोन कानांतला फरक स्रोतावर न ठरता तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो. मान वळवली की गाणंही सरकतं. गॉथिक कथाकारांनी दगडी कमानी अंधारासाठी निवडल्या असतील, पण त्यात ध्वनिशास्त्रही आपोआप आलं.

आपल्या भुताच्या गोष्टींतली पैंजणं या बाबतीत नेमकी उलट वागतात. घुंगराचा प्रत्येक नाद तुटक, तीक्ष्ण, उंच वारंवारतांनी भरलेला. पैंजण घातलेलं भूत पावलागणिक आपला पत्ता देत असतं. आधी जिन्यात, मग दाराशी, मग पाठीमागे. एका भीतीत काहीतरी जवळ येतंय, दुसरीत ते कुठेच नाही. कथाकारांनी या दोन्ही भीती कानाने हेरल्या, सूत्रं नंतर आली.

पक्ष्यांनी तर हे फार आधी साधलंय. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये दाखवलं, की ससाणा आकाशात दिसल्यावर अनेक लहान पक्षी जी बारीक शीळ घालतात ती हळूच सुरू होते, हळूच विरते आणि जवळजवळ एकसुरी असते. इशारा सोबत्यांना मिळतो, पण शीळ घालणारा शोधणं अवघड जातं.

१९ हर्ट्झच्या कंपनाने भुताचे भास होतात, असंही सांगतात; आता या 'भुताच्या फ्रिक्वेन्सी'बद्दल. १९९८ मधल्या एका निबंधात प्रयोगशाळेतल्या पंख्यामुळे निर्माण झालेल्या १९ हर्ट्झच्या कंपनाशी भुताच्या भासाचा संबंध जोडला होता. एका खोलीचा अनुभव विचारात घेण्यासारखा जरूर आहे, पण त्यावरून जगातल्या सगळ्या हवेल्यांचा निकाल लावता येत नाही. त्यापेक्षा जुना प्रयोग मला जास्त पटतो. मेस्मर नावाचा वैद्य 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याचा दावा करी आणि उपचारांच्या वेळी हीच ग्लास आर्मोनिका वाजवी. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते आणि खुद्द फ्रँकलिनही. रुग्णांना न सांगता उपचार केले तर परिणाम होईना, आणि नुसतं 'उपचार चालू आहेत' म्हटलं तरी झटके येत. समितीने श्रेय कल्पनाशक्तीला दिलं.

इटालियन संगीतकार डोनिझेट्टीने 'लुचिया दि लाम्मरमूर' या ऑपेरात नायिकेचं भान हरपतं त्या प्रवेशासाठी आधी काचेचा आवाजच योजला होता. १८३५ च्या पहिल्या प्रयोगाआधी तो काढून बासरी घातली गेली. बदली अगदीच वाईट नव्हती, बासरीचाही आरंभ मऊ असतो.

या सगळ्याचा सर्वांत चोख पुरावा १९६० च्या सुमाराला फ्रान्सेन या डच संशोधकाने दिला. खोलीत दोन ध्वनिवर्धक ठेवायचे. डावीकडच्यावर स्वर एकदम सुरू करायचा आणि लगेच उतरवत न्यायचा. त्याच वेळी उजवीकडचा तोच स्वर सावकाश चढवायचा. क्षणभरात डावा पूर्ण गप्प होतो आणि सगळा आवाज उजवीकडून येऊ लागतो. ऐकणारे मात्र गाणं डावीकडेच ऐकत राहतात, कारण नव्या जागेवरून काही सुरू झाल्याचं मेंदूला कुणी कळवलेलंच नसतं. निनाद अजिबात नसलेल्या खोलीत हाच प्रयोग फसतो.