पहिला डीएसएलआर : दुकानातल्या अटींमागचा इतिहास

मुंबईच्या फोर्टातला बोराबाजार घ्या, नाहीतर कुठल्याही शहरातलं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान, हा प्रकार हमखास घडतो. काउंटरवर निकॉनचा डी५६०० हा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) असतो आणि शेजारी स्वस्तातली ५० एमएम एफ/१.८डी लेन्स. लेन्स बॉडीवर फिरवली की टक्‌ आवाज करून नीट बसते. तिच्यावरची अपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) कडी २२ वर लॉक केली की कॅमेरा मुकाट्याने आकडेही दाखवतो. शटरचं बटण अर्धं दाबल्यावर लेन्सने आपोआप फोकस करायला हवं, पण काहीच हलत नाही. लेन्स धडधाकट असते आणि कॅमेराही. अडचण चाळीसेक वर्षांपूर्वीची आहे.

पहिला डीएसएलआर घेताना सगळी चर्चा मेगापिक्सेलवर होते. प्रत्यक्षात आपण माउंट विकत घेतो, म्हणजे लेन्स जिथे अडकते ती धातूची कडी. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते. लेन्सा टिकतात, आणि त्या कुठल्या बॉडीवर चालणार हे त्या कडीवर ठरतं.

३५ एमएम फिल्मचा एसएलआर १९३६च्या किने एक्झाक्टापासून आहे, पण आज बाजारात जे त्रांगडं दिसतं त्याची सुरुवात १९५९ला, निकॉन एफपासून झाली. त्याच्या एफ माउंटमध्ये लेन्सची कडी आणि फिल्म यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर होतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये आजही तेवढंच आहे, फक्त फिल्मच्या जागी सेन्सर आला. १९८५ला मिनोल्टाने ऑटोफोकसची यंत्रणा बॉडीत बसवलेला ७००० बाजारात आणला आणि बाकीच्यांची धावपळ उडाली. (पुढे हनीवेलने पेटंटवरून मिनोल्टाला कोर्टात खेचलं. १९९२ला मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.)

निकॉनने जुनं माउंट सोडलं नाही. १९८६च्या एफ-५०१मध्ये मोटर बॉडीत ठेवली. माउंटच्या कडीत, खालच्या बाजूला, स्क्रूड्रायव्हरच्या चपट्या टोकासारखा एक बारीक दांडा असतो. तो लेन्सच्या मागच्या खाचेत शिरतो आणि फिरून फोकस करतो. कॅननने उलटी वाट धरली. १९७१पासूनचं एफडी माउंट मोडीत काढून १९८७ला ईओएस ६५० आणि ईएफ माउंट आणलं. मोटर प्रत्येक लेन्समध्ये आणि जोडणी फक्त विजेच्या संपर्कांची. एफडी लेन्सांवर पैसे घातलेले फोटोग्राफर तेव्हा चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. पण फायदा आज नवशिक्याला मिळतो. १९८७ची ईएफ लेन्स कॅननच्या कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर ऑटोफोकस करते.

निकॉनचा हिशेब २००६ला बदलला. डी४० हलका आणि स्वस्त करताना बॉडीतली मोटर काढली गेली. त्यामुळे डी४०, डी६०, तसंच डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या सगळ्या बॉडी फक्त स्वतःची मोटर असलेल्या लेन्सवर फोकस करतात. सुरुवातीच्या एफ/१.८डीत मोटर नाही, म्हणून ती डी५६००वर गप्प बसते. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं असलं की निर्धास्त. डी९० आणि डी७००० मालिकेत मोटर आहे. पण तिथे दुसरं टोक निघतं. नव्या, स्टेपिंग मोटरच्या एएफ-पी लेन्सा डी९०वर चालत नाहीत, त्यामुळे ‘जुनी मजबूत बॉडी, नवी स्वस्त किट (बॉडीसोबत मिळणारी) लेन्स’ ही जोडी जमवण्याआधी मॉडेल तपासायलाच हवं.

सेन्सरचीही अशीच गोष्ट आहे. कोडॅकने १९९१ला निकॉन एफ३ वर बेतलेला १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस काढला. १९९९ला निकॉनचा २.७ मेगापिक्सेलचा डी१ आला. फिल्मच्या फ्रेमएवढा, ३६ × २४ मिलिमीटरचा (फुलफ्रेम) सेन्सर भयंकर महाग पडत असल्याने एपीएस-सी हा छोटा आकार रूढ झाला. कॅननमध्ये तो साधारण २२.३ × १४.९ आणि म्हणून १.६ पट ‘क्रॉप’, म्हणजे फोटोत दिसणारी चौकट तितकी अरुंद. निकॉनमध्ये १.५ पट. ऑगस्ट २००३मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, तेव्हा डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. त्याच्यासोबत १८-५५ एमएमची झूम लेन्स होती (आकडा लहान, तितकी चौकट रुंद). हे आकडे हवेतून आलेले नाहीत. फिल्मच्या काळात २८-८० झूम सर्रास मिळायची, आणि १८ ते ५५ला १.६ने गुणलं की जवळपास तेच उत्तर येतं.

ही ईएफ-एस, म्हणजे एपीएस-सी सेन्सरसाठीची लेन्स होती. पांढऱ्या चौकोनाची खूण असलेली लेन्स फुलफ्रेम कॅननवर बसतच नाही, कारण तिचा मागचा भाग आरशाच्या जागेत शिरतो. लाल ठिपक्याची ईएफ दोन्हीकडे चालते. निकॉनची डीएक्स (एपीएस-सीसाठीची) लेन्स फुलफ्रेमवर बसते, पण कॅमेरा चौकट आपोआप कापतो.

किट लेन्सला लोक उगाच नावं ठेवतात. दिवसा, बाहेर, एफ/८ला ती चांगलं काम देते. रडते ती मंगल कार्यालयात. ५५ला तिचं अपर्चर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). एफ/१.८ला प्रकाश जवळपास दहापट येतो, म्हणजे जिथे किट लेन्स १/१० सेकंद मागते तिथे १/१०० पुरतं आणि हात हलल्याचं फोटोत दिसत नाही. म्हणून दुसरी लेन्स एफ/१.८चीच घ्यावी. कॅननवर ५० एमएम एसटीएम म्हणजे फिल्मच्या मापाने ८०. चेहऱ्याला उत्तम, पण दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरायला जागा उरत नाही. घरातल्या फोटोंसाठी निकॉनची ३५ एमएम डीएक्स जास्त कामाची. आणि एक धोका : ५० एमएमने एक मीटरवरून एफ/१.८ला टिपलं तर शार्प पट्टा तीन सेंटिमीटरच्या आत असतो. पापण्या शार्प, कान धूसर. दोन माणसं असली तर एफ/४ करा.

काटकसर नको तिथेही झाली आहे. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉटशूवर (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या जागेवर) मधली पिनच नाही, त्यामुळे फक्त मधल्या पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर पेटत नाहीत. ३०००डीचं माउंट तर प्लास्टिकचं आहे.

२०१८ला निकॉन झेड आणि कॅनन आरएफ ही आरसा नसलेली माउंट आली. आरएफमध्ये कडी ते सेन्सर अंतर २० मिलिमीटर, ईएफमध्ये ४४. मधला अडॅप्टर म्हणजे २४ मिलिमीटरची काच नसलेली नळी आणि विजेची जोडणी, म्हणून ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर बिनतक्रार फोकस करते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र स्क्रूची मोटर नाही. सुरुवातीची ती एफ/१.८डी झेडवरही हातानेच फिरवावी लागते.

नवे डीएसएलआर येणं जवळपास थांबल्यामुळे आता पहिला कॅमेरा बहुधा वापरलेलाच घेतला जातो. डी३५०० किंवा डी५६००च्या शटरचं आयुष्य एक लाख फोटोंचं धरलेलं आहे. आतापर्यंत किती फोटो काढले गेले, तो आकडा निकॉनच्या मूळ जेपीईजीत सापडतो. कॅननच्या फाइलमध्ये सहसा तो नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एफ/१६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसते. ती साफ होते. लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडून एका टोकाने टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकाने तिरकं पाहा. सुटे कण म्हणजे धूळ, तिची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि कोकणपट्टीत आठ-दहा पावसाळे कपाटातल्या बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती असणारच असं धरून बघावं. आतल्या काचांवर असेल तर लेन्स उघडावी लागते, कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग जात नाही. चांगली निघाली तर घरी आणल्यावर ती हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या मीटरसह ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे.