वडील कशाने गेले, हे विमा कंपनीला का सांगायचं?

आयुर्विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर एक तक्ता असतो. आई, वडील, भाऊ, बहिणी; हयात असतील तर वय आणि प्रकृती, नसतील तर कितव्या वर्षी गेले आणि कशाने. आमच्या घरी तो भरला गेला तेव्हा मी शाळेत होतो. विमा प्रतिनिधी ओळखीचेच. चहाचा कप बाजूला सारून त्यांनी फॉर्म टेबलावर पसरला आणि बाबांना आजोबांबद्दल विचारलं. बाबा जरा थांबले, मग "क्षयाने" म्हणाले. घरात तो शब्द तोवर कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. आईच्या फॉर्मवर पाळीच्या तारखेचा रकाना आला, तेव्हा तिने फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने भरला.

एवढं सगळं विचारायचा हक्क कंपनीला कुठून मिळाला? त्याची मुळं 1766 सालच्या एका इंग्लिश खटल्यात आहेत. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरोच्या गव्हर्नरने परक्या सत्तेच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे आमच्यापासून लपवलं. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व मांडलं: जोखमीची खरी माहिती बहुतेक वेळा विमा घेणाऱ्यालाच असते, देणारा त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून काही दडवायचं नाही. निकाल मात्र गव्हर्नरच्या बाजूने लागला. आणि त्याच निकालात त्यांनी हेही म्हटलं होतं की हा सचोटीचा नियम विमा देणाऱ्यालाही लागू आहे. पुढच्या अडीचशे वर्षांत पहिला अर्धा भाग प्रत्येक फॉर्मवर छापला गेला. दुसऱ्या अर्ध्याची आठवण फार उशिरा झाली, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

भारतात आयुर्विमा आला तो 1818 मध्ये, कोलकात्याच्या ओरिएंटल कंपनीबरोबर, मुख्यतः इथल्या युरोपियनांसाठी. भारतीयांचा विमा उतरवलाच तर त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. म्हणजे माणसाबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती त्याचा वंश हीच होती. 1870 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली. मग वय, प्रकृती, व्यवसाय, घराण्यातले आजार या रकान्यांना खरं वजन आलं.

1938 च्या विमा कायद्यातल्या कलम 45 ने कंपन्यांना थोडी वेसण घातली. पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर फॉर्ममधल्या साध्या चुकीवरून दावा नाकारता येणार नाही, जाणूनबुजून फसवणूक सिद्ध करावी लागेल. 2015 च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षांची झाली, पण त्यानंतर कोणत्याच कारणावरून पॉलिसीवर हरकत घेता येत नाही. भरलेला फॉर्म किती जपून ठेवायचा, हे या कलमामुळेही ठरतं. वाद झाला तर तोच पुरावा.

19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 1 सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली आणि 245 देशी-विदेशी कंपन्या व सोसायट्यांचा कारभार तिच्याकडे आला. त्याबरोबर कागदही आले. पॉलिसीगणिक एक डॉकेट: प्रपोजल फॉर्म, वयाचा दाखला, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, प्रतिनिधीचा गोपनीय अहवाल. हा शेवटचा कागद ग्राहकाला दाखवत नसत. त्याची ऐपत, सवयी यांबद्दल प्रतिनिधी त्यात आपलं मत कळवी. हे सारं शाखेच्या रेकॉर्ड रूममध्ये सुतळीने बांधून रॅकवर. धूळ आणि वाळवीचं भय होतं, पण हजारो डॉकेटं एका रात्रीत कुणी उचलून नेऊ शकत नव्हतं.

पन्नाशीच्या दशकाअखेर एलआयसीत पंचकार्डांची, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर नोंदी ठेवणारी यंत्रं आली, 1964 मध्ये संगणक. नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटनांनी, विशेषतः कोलकात्यात, कडवा विरोध केला. ती भीती साधार होती. ग्राहकाच्या माहितीचं काय होईल, हा प्रश्न मात्र तेव्हा चर्चेत नव्हता. ऐंशीच्या दशकात शाखाशाखांत संगणक बसले.

2000 नंतर खासगी कंपन्या आल्या आणि माहिती अनेक हातांतून फिरू लागली. 2001 च्या नियमांनी टीपीएंना, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांना, मान्यता मिळाली. कॅशलेस उपचारांसाठी रुग्णाचे रिपोर्ट त्यांच्याकडून जाऊ लागले. 2005 मध्ये मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला, पुढे केवायसी आलं, आणि 1 जानेवारी 2023 पासून आरोग्य विमा असो की गाडीचा, नव्या पॉलिसीला केवायसी सक्तीचं झालं. मधल्या काळात, 2009 मध्ये, सर्व कंपन्यांची आकडेवारी एकत्र करणारा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला.

जपणुकीचे नियम या मागून आले. 2011 मध्ये आरोग्य, आर्थिक व्यवहार आणि बोटांचे ठसे यांसारखी माहिती 'संवेदनशील' ठरली. 2015 मध्ये विमा नियामकाने भारतातल्या पॉलिसी व दाव्यांच्या नोंदी भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये ठेवण्याचा दंडक घातला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं.

तरीही सप्टेंबर 2024 मध्ये स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याची बातमी आली. आपल्याकडे 3.1 कोटी लोकांची माहिती असल्याचा दावा हॅकरने केला. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. आईने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला होता, तो प्रसंग मला त्या दिवशी आठवला.

2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता येईल असं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 43अ आहे. ही मुदत संपताच नव्या कायद्याने ते वगळलं जाणार. हे मला अन्यायाचं वाटतं.

एक तरतूद मात्र विम्याच्या कागदांशी नातं सांगणारी आहे. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीवरचे हक्क कुणी बजावायचे, यासाठी त्याच मुदतीनंतर ग्राहकाला नॉमिनी नेमता येईल.