संगणकाचे आभासीकरण : पद्धती आणि व्यवहार्यता

एकाच यंत्रावर एकमेकांपासून अलग अशा अनेक कार्यप्रणाली चालवणे म्हणजे आभासीकरण (व्हर्च्युअलायझेशन). अशी प्रत्येक प्रणाली ज्या आभासी संगणकात चालते, ती व्हर्च्युअल मशीन (व्हीएम). आयबीएमच्या मेनफ्रेमवर ते १९६० च्या दशकातच आले. पीसीवर रुळायला वेळ लागला, कारण एक्स८६ प्रोसेसरच्या पॉपएफसारख्या काही सूचना पुरेसा अधिकार नसताना अडत नाहीत. काम अर्धवट करून गप्प बसतात, आणि आभासीकरणाच्या सॉफ्टवेअरला पत्ता लागत नाही. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून वाट काढली. झेन या सॉफ्टवेअरने २००३ मध्ये पाहुण्या (व्हीएममधल्या) प्रणालीचा कर्नलच, म्हणजे तिचा गाभाच, बदलायला लावला. लिनक्सला ते जमले, विंडोजचा कर्नल कोण बदलू देणार? इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली आणि या कसरती मागे पडल्या. ही सोय बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असेल, तर ६४-बिट व्हीएम सहसा सुरूच होत नाही.

कंटेनर (डॉकर, २०१३) म्हणजे मूळ यंत्राचाच कर्नल वापरणारा, ॲप्लिकेशनचा अलग डबा. त्यात वेगळा कर्नल नसतो. म्हणून तो क्षणात उठतो आणि मेमरी कमी खातो. पण लिनक्सच्या कर्नलवर विंडोजचा कंटेनर चालत नाही. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप लिनक्सचे कंटेनर चालवते तेही आत एक व्हीएम उभी करूनच. त्यासाठी विंडोजच्या हायपर-व्ही या आभासीकरणाचा थर चालू झाला की शेजारचे व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम चालवणारे दुसरे सॉफ्टवेअर) मंदावते आणि खालच्या पट्टीत कासव दिसू लागते. पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये ८ जीबी रॅमच्या पीसीवर ही जोडी टाळलेलीच बरी. तिथे २ जीबीची एकच व्हीएम सुखाने चालते.

व्हीएमला खरा पर्याय नसतो तो भोसरी-चाकणच्या कारखान्यांत. मशिनचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालणारे आणि जुना पीसी अखेरच्या घटका मोजणारा, अशा वेळी त्याच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) करून ती व्हीएममध्ये उठवतात. पहिल्याच बूटला निळा पडदा आला, तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये डिस्क जोडण्याचा प्रकार (डिस्क कंट्रोलर) ‘साटा’ऐवजी ‘आयडीई’ करून पाहावा. एक्सपीकडे साटाचा ड्रायव्हर मुळात नसतो. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा यूएसबी डोंगल व्हीएमला जोडता येतो. पॅरलल पोर्टचा डोंगल मात्र बहुधा घोळ घालतो, आणि मशिनला ठरावीक मायक्रोसेकंदांत सिग्नल हवा असेल तर व्हीएमचा नाद सोडावा. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून व्हीएमचे नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करूनच ठेवावे.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणी टिपलेली अवस्था, हा बॅकअप नव्हे. तो महिनोन्‌महिने तसाच राहिला की त्यानंतरच्या फरकाची फाइल फुगत जाते, डिस्क भरते आणि व्हीएम थांबते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार असेल, तर यूपीएसच्या भरवशावर न राहता व्हीएम आधीच रीतसर बंद कराव्यात : ॲप्लिकेशनच्या व्हीएम आधी, डेटाबेसची शेवटी. चालू करताना उलटा क्रम.