आजी म्हणते सहा महिने, डॉक्टर म्हणतात दोन वर्षं: पॉटी ट्रेनिंगचं वय पुढे कसं सरकलं

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात लेकावरून तीन आठवडे हाच वाद चालू आहे. आजेसासूबाई म्हणतात, "अगं आम्ही तर सहाव्या महिन्यापासून पायांवर बसवायचो, वर्षाचं होईस्तोवर दुपटी सुटलेली असायची", आणि मुलांचे डॉक्टर म्हणतात दोन वर्षांचा होऊ द्या, घाई नको. गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलतायत, फक्त दोघं वेगळ्याच गोष्टीला ट्रेनिंग म्हणतायत.

पायांवर बसवणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: बाईने जमिनीवर पाय लांब करून बसायचं, पावलांमध्ये फट ठेवायची, खाली जुना पेपर, त्यावर बाळाला उकिडवं धरायचं आणि तोंडाने शूऽऽ शूऽऽ करत राहायचं. वेळही ठरलेली, सकाळी उठल्या उठल्या किंवा दूध पाजल्यावर थोड्या वेळाने, कारण पोटात दूध पडलं की आतडी हलायला लागतात, हा शरीराचा रिफ्लेक्सच आहे, आजीला शब्द माहीत नव्हता पण टायमिंग बरोब्बर माहीत होतं. रोज तीच वेळ, तोच आवाज, बाळाला सवय लागते. पण स्वतःला कळणं, धरून ठेवणं, येऊन सांगणं हे साधारण दीड-दोन वर्षांच्या आसपासच जमायला लागतं. म्हणजे सहाव्या महिन्यात शिकलेली असते ती आजी, बाळ नाही (हे घरात मोठ्याने बोलायची माझी हिंमत नाही).

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजात आया पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं बरीचशी कोरडी राहतात, यावर १९७७ मध्ये शोधनिबंध आला होता. अमेरिकेतसुद्धा तेच होतं! तिथल्या सरकारच्या चिल्ड्रन्स ब्यूरोने १९१४ मध्ये आयांसाठी पुस्तिका काढली, त्यात तिसऱ्या महिन्यापासून, जमलं तर त्याआधीही सुरू करा असं लिहिलंय, आणि कारण अगदी सरळ, लंगोट लवकरात लवकर सुटावेत. वॉशिंग मशीन नाही, सगळं हाताने धुवायचं, मग कोण थांबेल दोन वर्षं?

मग वारं फिरलं. मनोविश्लेषक फ्रॉइडचं म्हणणं पसरलं होतं की या वयात फार कडक वागलं तर मुलाच्या स्वभावावर परिणाम होतो, १९४६ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉ. स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं आणि आयांना जरा सैल सोडा असं सांगून गेलं. खरा टर्निंग पॉइंट १९६२ चा, बॉस्टनजवळचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांची माहिती छापली. मूल तयार दिसेल तेव्हा सुरू करा, साधारण दीड वर्षानंतर, जबरदस्ती नको. त्यांच्याकडची मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी २८.५ महिन्यांची असताना. आज आपले डॉक्टर जे सांगतात त्याचं मूळ हेच. १९७४ मध्ये अझ्रिन आणि फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाच्या आत शिकवायची पद्धतही काढली, ती गाजली, पण शब्द राहिला ब्रेझल्टनचाच.

आता ब्रेझल्टननी ती माहिती छापली त्याच्या एकच वर्ष आधी, १९६१ मध्ये, बाजारात काय आलं होतं तर पॅम्पर्स. यात कट-बिट होता असं मी म्हणत नाही, सुरुवातीला ते महागच होते, पण धुणं संपल्यावर घाई संपणारच ना. पुढे १९९८ च्या सुमारास मोठ्या मुलांसाठी पॅम्पर्सचा सहा नंबरचा साइज आला तेव्हा त्याच्या जाहिरातीत स्वतः ब्रेझल्टन होते, मुलाला घाई करू नका म्हणत. तिथे यावरून पेपरांत चांगलीच भांडणं झाली.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. आजेसासूबाईंच्या वाड्यात संडास मागच्या अंगणात, तोही मोठ्यांचा, लहान मूल त्यात पडेल ही भीती, म्हणून पोरांना सरळ नालीवर बसवायचे आणि वर 'लहान मुलाच्या शीची कसली घाण' असं म्हणायचे. (घाण असते, जंतू त्यातही असतातच.) आता नालीवर बसवून दाखवा इंदूरमध्ये! २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं शहर, कचरागाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा, डायपर त्यात टाकायचे, ओल्यात टाकले तर गाडीवाला परत देतो. फ्लॅटमध्ये कमोड, त्यावर पोराचे पाय लोंबकळतात आणि पाय टेकल्याशिवाय जोर लावता येत नाही, म्हणून आम्ही खाली जेवणाचा पाट ठेवलाय, त्यावरूनही आजेसासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या.

लेक एकोणीस महिन्यांचा आहे. सध्या शू झाल्यावर येऊन सांगतो, आधी नाही. आजेसासूबाई म्हणाल्या अर्धं काम झालं, डॉक्टर म्हणाले हेच तयारीचं पहिलं लक्षण, तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघांचं जमलं, आणि फरशी मी पुसली.