फुसका बार नको
काउबॉय नेमबाजीसाठी घरी काडतुसं भरणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

ॲरिझोनातल्या आमच्या छोट्या दुकानात भरणीचं सामान घ्यायला येणाऱ्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला : "काका, सगळ्यात हलका बार कुठला?" प्रश्न रास्त आहे. या खेळात दोन सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा हाताने ओढायचा) रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायचं) रायफल आणि एक शॉटगन घेऊन, घड्याळ लावून पोलादी पाट्या वाजवायच्या. पाट्या जवळ असतात. धक्का जितका कमी, तितका पुढचा बार लवकर.

पण हलकेपणालाही तळ आहे. या खेळाचे नियम ठरवणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीचा हिशेब सोपा : गोळीचं वजन (ग्रेन या बारीक मापात) गुणिले वेग (फूट प्रतिसेकंद), भागिले १०००. उत्तर ६०च्या खाली नको आणि वेगही ४००च्या खाली नको. वरची हद्द रिव्हॉल्व्हरला १०००, रायफलला १४००. १०५ ग्रेनची गोळी ७००ने गेली तर ७३.५, म्हणजे पास. तीच ५५०ने गेली तर ५७.७५, नापास. गोळी शिशाचीच हवी. तांब्याच्या वेष्टनाची चालत नाही.

सुरुवात पावडरीपासून (बारुदापासून) करू नका, रायफलीपासून करा. प्रायमर (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) आणि पावडर न घालता दहा नकली काडतुसं बनवा आणि लिव्हर मारून पाहा. १८७३च्या घडणीची रायफल काडतुसाच्या लांबीबाबत फार नखरेल असते. गोळी चपट्या नाकाची घ्या. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार नाक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलं तर काय होईल ते सांगायला नको. केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) कड गोळीवर नीट वळवा, नाहीतर मॅगझिनच्या स्प्रिंगने गोळी आत सरकते.

मग पावडर. छापील पुस्तकातल्या किमान मापाच्या खाली जायचं नाही, मित्राने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. दोन-तीन मापांची दहा-दहा काडतुसं भरा आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. पॉइंट ४५ कोल्ट या काडतुसाची केस मुळात काळ्या दारूसाठी केलेली, प्रशस्त. चिमूटभर आधुनिक पावडर तिच्या तळाशी लोळत राहते. म्हणून निम्मे बार नळी आधी खाली झुकवून आणि निम्मे आधी वर करून, मग सरळ धरून टाका. वेगात मोठा फरक पडला तर पावडर बदला, शक्यतो फुगीर जातीची घ्या. फुगीर पावडर चुकून दुप्पट पडली तर केसबाहेर सांडते आणि चूक दिसते. दाट पावडर गुपचूप मावते. केस बाहेरून काजळीने माखून निघत असेल तर दाब अपुरा आहे, केस चेंबरला (काडतूस बसतं त्या खोबणीला) चिकटत नाही असं समजा.

आता आमचीच फजिती. मशीनवर भरत असताना फोन वाजला, परत बसलो आणि एका केसमध्ये पावडर पडलीच नाही. मैदानावर 'ठॉक्' ऐवजी नुसतं 'फुस्' झालं. मागच्या पंचाने ओरडून थांबवलं. गोळी नळीत अडकली होती. पुढचा बार टाकला असता तर नळी फुटली असती. तेव्हापासून गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून डोकावतो. फोन शेजारच्या खोलीत. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाही नाही, शिसं पोटात जातं.

दोन कायदेशीर गोष्टी. स्वतःपुरतं भरायला अमेरिकेत फेडरल परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायला लागतो. पण एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसताना बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. आधी वकिलाला विचारा, मग आमच्याकडे या.

आणि पुण्या-मुंबईला जाताना मैदानावर नेलेली बॅग नेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायदा १९५९ आहे आणि तुमची सुट्टी आहे.