असिंक-अवेटच्या आधीची सात वर्षं

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं माप झालं की काटापट्टी हातात पडते. पैसे मागाहून. तोवर शेतकरी आडतीच्या दारात बसून राहत नाही. पट्टी खिशात घालून बियाण्याच्या दुकानात जातो, बाजार उरकतो. प्रोग्रॅमिंगमधलं ‘प्रॉमिस’ ही तशीच पट्टी आहे: पुढे येणाऱ्या उत्तराची आत्ता मिळालेली खूण.

शब्द १९७६ पासूनचा. पण सर्व्हरवर जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या हाती तो आला आणि लगेच काढूनही घेतला गेला.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड जेएस २००९ मध्ये आलं. एकच थ्रेड, म्हणजे कोडची एका वेळी एकच ओळ चालणार; पूर्ण झालेल्या कामांची दखल घेत फिरणारा इव्हेंट लूप; डिस्क किंवा नेटवर्कसाठी ताटकळायचं नाही. पहिल्या काही आवृत्त्यांत प्रॉमिस होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये, ०.१.३० या आवृत्तीत, ते काढलं. म्हणणं असं होतं की गाभा लहान ठेवावा. ज्याला प्रॉमिस हवं त्यानं वरून लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, घ्यावी. गाभ्यात उरला कॉलबॅक, म्हणजे काम संपल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन; त्याची पहिली जागा चुकीसाठी राखलेली. त्या वेळचं प्रॉमिस कच्चं होतं, हे मान्य. त्याला आजच्यासारखी एकापुढे एक साखळी जोडता येत नव्हती. पण कच्चं होतं तर ते पिकू द्यायचं होतं. माझ्या मते हा निर्णय चुकला, आणि त्याची किंमत आमच्यासारख्या लहान गावांतून शिकणाऱ्यांनी जास्त मोजली.

आम्ही एका आडत दुकानासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. काटापट्टी वाच, भाव लाव, हमाली-तोलाई काप, शेतकऱ्याला मेसेज पाठव. चार कामं, एकाच्या पोटात दुसरं. कोड उजवीकडे सरकत स्क्रीनच्या कडेला टेकलेला आणि खाली बंद कंसांची उतरंड. चूक आली का, हे प्रत्येक पायरीवर आपणच बघायचं. तीन ठिकाणी बघितलं, हमालीपाशी राहिलं. मेसेज जाईनात आणि स्क्रीनवर एक अक्षर उमटेना. दोन दिवस आम्ही मोबाइल कंपनीला दोष देत बसलो.

पुढचं भराभर झालं. २०१२ मध्ये प्रॉमिसच्या वागणुकीचे सामाईक नियम ठरले, २०१५ मध्ये ते जावास्क्रिप्टमध्येच आलं. असिंक-अवेट, म्हणजे उत्तराची वाट बघणारा कोड सरळ ओळीखाली ओळ लिहायची सोय, सी शार्पमध्ये २०१२ ला, पायथनमध्ये २०१५ ला, जावास्क्रिप्टमध्ये २०१७ ला, रस्टमध्ये २०१९ ला. त्याच २०१७ मध्ये नोडनं जुन्या कॉलबॅकचं प्रॉमिस करून देणारं साधन स्वतःच दिलं.

चूक गिळली जाण्याचा धोका प्रॉमिसमध्येही होताच. नाकारलेलं, म्हणजे काम फसलेलं, प्रॉमिस कुणी हाताळलं नाही तर नोड नुसती सूचना छापून पुढे जायचं. २०२० च्या १५व्या आवृत्तीपासून प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. आमची हमालीची चूक तेव्हा अशी दिसली असती, तर पहिल्याच पट्टीला कळली असती.